मालनताईंनी निवडलेला आवाज

प्रत्येक मंडळाचा एक अलिखित नियम असतो, आणि कुवेतमधलं आमचं मराठी मंडळही त्याला अपवाद नव्हतं. जो तक्रार करील, त्याच्याच गळ्यात काम पडतं. म्हणून शहाणी माणसं वार्षिक सभेत समोसे खातात आणि गप्प बसतात. मालन परबला हे ठाऊक नव्हतं असं नाही, पण तोंड आवरणं तिच्या कुंडलीतच नव्हतं. नव्याण्णव सालच्या सभेत ती उभी राहिली आणि म्हणाली की गेल्या वर्षीची गायकाची निवड म्हणजे शुद्ध चावटपणा होता. अध्यक्ष लक्ष्मीकांत, तेलकंपनीतले मोठे इंजिनिअर, मूळचे पुण्याचे. त्यांनी चष्मा पुसला, हसले आणि म्हणाले, मग ताई, यंदाची निवड तुम्हीच करा. टाळ्या पडल्या. घ्या आता.

निवड कसली, तर बहारीनला दर वर्षी आखातातल्या मराठी मंडळांची गाण्याची स्पर्धा व्हायची. ओमान, कतार, अमिरात, सौदी, कुवेत आणि यजमान बहारीन. एका देशाचा एकच गायक. स्टेजवर निवेदक "आता येत आहेत कुवेतचे गायक" म्हणून पुकारणार, आणि खऱ्या कुवेती माणसाला ह्याचा पत्ताही नाही! पण आपल्या लोकांना त्या एका जागेसाठी असा काही चेव यायचा की विचारू नका. गेल्या वर्षी परीक्षक तिघं होते. एकाची मेहुणी गात होती, दुसऱ्याचा मुलगा गात होता, आणि तिसऱ्याचं पहिल्या दोघांशी वाकडं होतं. ह्यातून जे व्हायचं तेच झालं.

त्यातही मालनला झोंबलं होतं ते वेगळंच. शुऐबाच्या कामगार कॅम्पातले कोकणी फिटर-वेल्डर त्या दिवशी दोन बसगाड्या बदलून, मृदंग घेऊन आले होते. त्यांना सगळ्यांच्या शेवटी ठेवलं. त्यांची पाळी आली तेव्हा हॉलची वेळ संपली म्हणून कुणीतरी दिवे घालवले. ती माणसं मृदंगाला पिशवी चढवून मुकाट परत गेली आणि नंतर मंडळाच्या गणपतीलाही फिरकली नाहीत. मालन नर्स, त्या दिवशी हॉस्पिटलात ड्यूटीवर होती. तिला हे सगळं मंडळाच्या सेक्रेटरी राजश्रीने सांगितलं. मालनचा नवरा शत्रुघ्न त्याच कॅम्पात राहायचा. तिने त्याला विचारलं तेव्हा तो फक्त "जाव दे" म्हणाला.

आता ह्या नवराबायकोचं सांगितलं पाहिजे. मालन कुडाळजवळची. मुंबईला नर्सिंग शिकली, तिथेच शुद्ध बोलायला शिकली, आणि लग्नाला वर्ष होतंय न होतंय तोच कुवेतला आली. नव्वद साली इराकी रणगाडे आले तेव्हा इतर नर्सांबरोबर वाळवंट तुडवत अम्मानला, तिथून विमानाने मुंबईला. युद्ध संपलं आणि घरचे नको नको म्हणत असताना बाई पुन्हा त्याच वॉर्डात हजर! मग तिने ओळखीपाळखीने नवऱ्यालाही पाइप फिटर म्हणून कॉन्ट्रॅक्टवर आणवलं. निदान एका देशात तरी राहू, असा तिचा हिशेब. राहिले खरे एका देशात. ती नर्सेसच्या होस्टेलवर, जिथे पुरुषाला गेटच्या आत पाऊल टाकता येत नाही. तो कॅम्पात, जिथे बाईला. फ्लॅट घ्यावा तर भाड्यातच सगळं जाणार, आणि गावी सासूकडे वाढणाऱ्या विशाखाचं शिक्षण व्हायचं होतं, घराचं छप्पर व्हायचं होतं. म्हणून दर वर्षी ठरायचं, अजून दोन वर्षं असंच काढू. दोघांच्या सुट्ट्याही कधी जुळल्या नाहीत. ती गावाहून परतायची तेव्हा तो निघायच्या तयारीत असायचा.

भेट व्हायची ती शुक्रवारी, फहाहीलला, समुद्राकाठच्या एका बाकावर. मालन होस्टेलमध्ये केलेलं माशाचं कालवण डब्यातून न्यायची. तो जेवायचा आणि ती बोलायची. मेट्रनपासून मंडळापर्यंत सगळ्यांचा उद्धार व्हायचा. शत्रुघ्नचा वाटा एकच, "हूं." एखादा "हूं" लांब असला की त्याला पटलंय, तोकडा असला की नाही. इतक्या वर्षांत मालन एवढं व्याकरण शिकली होती आणि तेवढ्यावर संसार चालला होता.

तर सभेत तिने काम अंगावर घेतलं, आणि घेतलं ते घेतलं, वर सगळ्यांसमोर शब्द देऊन बसली. यंदा कॅम्पातला माणूस आणि इंजिनिअरची मुलगी एकाच तराजूत तोलली जाईल. गाणारा दिसणार नाही, त्याचं नाव कळणार नाही, नुसता आवाज. आणि माझ्या हातून ओळखीने निवड झाली असं ठरलं, तर मी मंडळाच्या दारात पुन्हा पाय ठेवणार नाही. होस्टेलच्या खोलीत एक खाट आणि एक कपाट एवढंच तिचं होतं. तिला घर म्हणावं असं काही होतं तर ते मंडळ. आणि बाईने तेच पणाला लावलं!

दुसऱ्या दिवसापासून तिचे हाल सुरू झाले. जन्मात कधी आजारी न पडलेली माणसं ब्लड प्रेशर तपासायला वॉर्डात येऊ लागली आणि पट्टा दंडाला असतानाच आपल्या मुलीच्या गळ्याचं सांगू लागली. होस्टेलच्या वॉचमनकडे पुरणपोळ्या यायच्या. तिने त्या वॉचमनलाच खायला घातल्या, तर तो आणखी कुणाकुणाच्या मुली गातात ते येऊन विचारू लागला. लक्ष्मीकांतांची बायको प्रभा रोज फोन करायची. मुलगी स्वरा कशी लहानपणापासून शिकतेय, पुण्याच्या गुरुजींनी काय म्हटलंय, आम्हाला काही वशिला नको हो ताई, पण तुमच्या कानावर घातलं. भीक नको पण कुत्रं आवर, अशी मालनची गत झाली. खुद्द स्वराने एकदा लिफ्टपाशी गाठून हळूच सांगितलं, "आँटी, प्लीज मला सिलेक्ट नका करू. माय एक्झाम्स आर इन दॅट वीक." त्या संबंध प्रकरणात शहाणं बोललेली तेवढी एकच व्यक्ती.

आणि एवढं करून कॅम्पातून कोणी नाव देईना. ते खरं दुखणं होतं. शुक्रवारी बाकावर मालनने नवऱ्याला धारेवर धरलं. तुमच्या लोकांसाठी मी जगाशी वैर घेतलंय आणि तुमचे लोक तिकडे पत्ते कुटताहेत. एक तरी गाणारा आणा, नाहीतर लोक म्हणतील, बघा, दार उघडलं तरी येत नाहीत. गळा नसेल तर तसं सांगा, मी तरी मोकळी होते.

शत्रुघ्नने माशाचा काटा बाजूला काढून ठेवला आणि म्हणाला, "बगूया."

"हूं" सोडून तो दुसरं काही बोलला, ह्यातच मालनला काहीतरी उमगायला हवं होतं. पण ती तोवर प्रभाच्या फोनचं सांगायला लागली होती.

निवडीचा दिवस शुक्रवारचाच ठेवला होता, एका शाळेच्या हॉलमध्ये. मालनने मेट्रन सईदाच्या हातापाया पडून वॉर्डातले जुने पडदे मागून आणले होते. पेशंटच्या खाटेभोवती लावतात ते, चाकांच्या चौकटीतले, हिरवे. ते स्टेजच्या समोर आडोशासारखे लावले आणि गाणारा दिसणार नाही अशी ती त्या आडोशात खुर्ची टाकून बसली. नावं फक्त राजश्रीकडे. गाणाऱ्याने मागच्या दाराने यायचं, गायचं आणि जायचं. अक्षर बोलायचं नाही.

पण ऐकतील तर ती आपली माणसं कसली? पहिल्याच बाईने गाण्याआधी "नमस्कार मालनताई, मी तुमच्या शेजारच्या वॉर्डातल्या" अशी सुरुवात केली. मालन आतून ओरडली की नाव सांगाल तर बाद, आणि बाई रडत खाली उतरली. एका गृहस्थांनी आलाप घेता घेता आपल्या गावाचं नाव गुंफलं. पुढे एक मुलगी गाऊ लागली आणि प्रेक्षकांतून असा सूचक खोकला आला की मालनला खोकल्यावरून प्रभा कळली आणि प्रभावरून स्वरा. तिने पडदा ढकलून डोकं बाहेर काढलं आणि खोकणाऱ्यांनी छातीचा एक्स-रे काढून घ्यावा असं सांगितलं. बरं, जो तो आपला वरच्या पट्टीत. कॅसेटवरचं संगीत, माइकमधला घुमारा, आणि त्यावर मात करायला आणखी किंचाळणं. दुपारपर्यंत मालनचं कपाळ ठणकू लागलं. ह्यातलं कोणीही बहारीनला जावो नाहीतर समुद्रात जावो, असं तिला मनापासून वाटलं.

आणि मग एक माणूस गायला लागला. संगीत नाही, साथ नाही. माइकही त्याने बाजूला केला असावा. एक साधी गौळण होती. गोपी यशोदेकडे कृष्णाचं गाऱ्हाणं घेऊन आलीय, नेहमीचंच. पण तो गात होता इतक्या हलक्या आवाजात की जणू शेजारी कुणी झोपलंय आणि त्याला जाग येता कामा नये. सूर कुठे हलत नव्हता आणि कुठे वाढतही नव्हता. मालनला तो प्रकार चांगला माहीत होता. रात्रपाळीला वॉर्डात ती स्वतः तशीच बोलायची, एका खाटेवरच्या माणसाला धीर द्यायचा आणि दुसऱ्या खाटेवरच्याची झोप मोडायची नाही. तिची डोकेदुखी कधी थांबली ते तिला कळलं नाही. गाणं संपलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि पडदा आहे हे बरं झालं असं तिला वाटलं.

राहिलेले सगळे तिने नीट ऐकले, कुणावर अन्याय नको म्हणून. मग बाहेर येऊन जाहीर केलं, साथीशिवाय गौळण गायले ते. कोण आहेत, कुठले आहेत, मला माहीत नाही, कुवेतचा गायक तोच. राजश्रीने कागद पाहिला आणि खुशीत वाचलं, शत्रुघ्न परब, शुऐबा कॅम्प. कॅम्पातला म्हणून तिला कोण आनंद झाला होता. मालनचा नवरा कोण हे तिला ठाऊक नव्हतं, आणि परब काय, कुवेतमध्ये ढिगाने.

मागच्या दारातून मालनचा नवरा आत आला. इस्त्रीचा निळा शर्ट, केस पाण्याने चापून बसवलेले. दर शुक्रवारी बाकावर भेटतो तसाच.

पुढे जो गदारोळ झाला तो काय वर्णावा. आधी कुणाला कळेना, मग कुणीतरी ओळखलं, मग ते हॉलभर झालं. एवढे पडदे, एवढ्या शपथा, आणि शेवटी नवरा! प्रभा पुढे आली. गेला महिनाभर गिळलेलं सगळं तिने एका दमात बाहेर काढलं. "काखेत कळसा आणि गावाला वळसा! एवढं नाटक कशाला, ताई? सरळ घरातलंच नाव सांगायचंत की. आम्ही मुलांना उगाच रात्रंदिवस तयारीला बसवलं." मालनला तिचा राग आला, पण त्याहून जास्त आला नवऱ्याचा. अहो, तोंड नव्हतं का ह्या माणसाला? शुक्रवारी बाकावर अर्धा तास तिने डोकं फोडलं तेव्हा सांगता येत नव्हतं? ती त्याच्याकडे रागाने बघत होती आणि तो आपल्या चपलांकडे.

लक्ष्मीकांतांनी सगळ्यांना शांत केलं. माणूस वाईट नव्हता. ते म्हणाले, प्रश्न एकच आहे आणि ताईंच्या शब्दावर माझा विश्वास आहे, त्या सांगतील ते शेवटचं. मग तिच्याकडे वळून त्यांनी विचारलं, "ताई, तुम्ही आवाज ओळखला होतात का?"

आता आली का पंचाईत. हो म्हणावं, तर ती लबाड ठरणार, मंडळ सुटणार, शत्रुघ्न बाद होणार, आणि शत्रुघ्नबरोबर येऊन मागे दाराशी उभे असलेले कॅम्पातले चौघे दुसऱ्यांदा मान खाली घालून बस पकडणार. नाही म्हणावं, तर खरं तेच होतं. पण ते खरं असं होतं की भर सभेत बाईने आपल्या संसाराची चादर उचलून दाखवावी. घटकाभर मालनला वाटलं, लबाड ठरलेलं परवडलं.

"नाही ओळखला," ती म्हणाली. "मी ह्यांना गाताना कधी ऐकलेलंच नाही."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. नवऱ्याचा आवाज ओळखू येत नाही म्हणे! हसू दोन ओळींपर्यंत आलं आणि तिथेच विरलं, कारण मालन रडत नव्हती, चिडत नव्हती, नुसती उभी होती, आणि ती खोटं बोलत नाहीये हे एकेकाला कळत गेलं. बायका तिच्याकडे बघायला लागल्या. आजवर तिच्याकडे कुणी तसं बघितलं नव्हतं. आजवर पेशंटच्या नातेवाइकांकडे तीच तशी बघत आली होती.

तेव्हा शत्रुघ्न बोलला. मंडळातल्या कुणीही त्याला ह्याआधी बोलताना ऐकलं नव्हतं. "तिचो काय दोष नाय," तो म्हणाला. "गाऊक घर खय होता?"

त्याने ते गाऱ्हाणं म्हणून सांगितलं नाही. बस किती वाजता सुटते ते सांगावं तसं सांगितलं. प्रभाचा सालमियाला चार खोल्यांचा फ्लॅट होता, आणि त्यात स्वराच्या रियाजाची खोली वेगळी. तीच प्रभा आता नवऱ्याला म्हणाली, "राहू दे हो. ह्यांनाच पाठवा." आणि जरा वेळाने, ताईंनाही सोबत पाठवा, असंही म्हणाली.

मालनचं पित्त खवळलं. दया नकोय मला, ती म्हणाली, गाणं आवडलं असेल तर पाठवा, नसेल तर आत्ता सांगा. आवडलं, असं आधी स्वराच म्हणाली, आणि तिचा जीव परीक्षेसाठी मोकळा झाला होता हे धरूनही ती मनापासून म्हणाली. मग बाकीचेही म्हणाले. निवड कायम झाली.

बसस्टॉपवर मालनने नवऱ्याला गाठलं आणि सगळा राग काढला. गाता कधीपासून, शिकवलं कुणी, मला कळवायला काय धाड भरली होती? त्याने थोडं थोडं करून सांगितलं. गावात तो नुसता झांज वाजवायचा. गायला लागला तो इथे आल्यावर, गुरुवारच्या भजनाला. कॅम्पात खोल्यांच्या भिंती पत्र्याच्या, आणि पलीकडे रात्रपाळीवाले झोपलेले, म्हणून भजन दबक्या आवाजातच करायचं, आणि गळ्याला तीच सवय लागली. गेल्या वर्षी मृदंग घेऊन जे परत गेले त्यांत तोही होता. आधी सांगितलं असतं तर तू मला बाद केलं असतंस, असंही तो म्हणाला. आणि ते खरं होतं.

"तुका आवाडला ना?" त्याने विचारलं. "मगे झाला."

पुढे रजेसाठी मालनने मेट्रन सईदाशी असं भांडण केलं की हॉस्पिटलचा तो मजला अजून विसरलेला नाही. शत्रुघ्नच्या फोरमनला लक्ष्मीकांतांनी स्वतः फोन केला. लग्नानंतर पहिल्यांदा दोघांची रजा एकाच तारखांना पडली. बहारीनच्या मंडळाने पाहुण्यांना घरोघरी उतरवलं होतं, आणि हे नवराबायको म्हणून ह्यांना एका कुटुंबाने आपली एक खोली दिली, आतून कडी लागणारी. स्पर्धेत ओमानची मुलगी पहिली आली. शत्रुघ्नला नंबर मिळाला नाही. इतक्या मोठ्या सभागृहात त्याचा आवाज मागच्या ओळींपर्यंत पोचलाच नाही, आणि माइक जवळ घ्या म्हणून मालन विंगेतून हात हलवून हलवून दमली, पण तो बघेल तर शपथ. कॅम्पातल्या लोकांनी मात्र त्या वर्षी गणपतीला मृदंग आणला आणि मंडळाच्या मखरापुढे बसून भजन केलं.

परत आल्यावरच्या शुक्रवारी दोघं फहाहीलला आपल्या बाकावर बसली. मालनने डबा उघडला आणि नेहमीसारखी सुरुवात केली. बहारीनचं जेवण तिखट, संयोजकांचा सावळा गोंधळ, परीक्षकांना गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. मग म्हणाली, आणि तुम्ही हल्ली घोरता. घोरता म्हणजे किती, एखादी मोटार चढावर अडकावी तसे. कॅम्पातल्या सगळ्यांना माहीत असेल, पत्र्यापलीकडच्या फिलिपिनो वेल्डरला माहीत असेल, फक्त बायकोला माहीत नव्हतं. बहारीनच्या तिन्ही रात्री माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही.

"मगे माका उठवूचा नाय?" शत्रुघ्न ओशाळून म्हणाला.

मालनने कालवणातला मोठा तुकडा त्याच्या झाकणात वाढला.

"उठवू कशाला?" ती म्हणाली. "ऐकत होते."